अपेंडिक्सच्या डबीबाबत

लातूर, गुरुवार

ति. किशनमामांना मृण्मयीचा सा. नमस्कार. मामी, दोन्ही म्हशी आणि तुमचा डावा गुडघा यांची तब्येत ठीक असेल असे धरून चालते. माझी हकीकत आधी क्रमाने देते, कारण फोनवर ती दर वेळी तिसऱ्याच ठिकाणाहून सुरू होते.

१. शनिवारी संध्याकाळी बेंबीजवळ दुखू लागले.
२. रविवारी सकाळी ते उजवीकडे खाली सरकले.
३. अकरा वाजता ऑपरेशन. अपेंडिक्स काढले.
४. टाके पाच.
५. काढलेले अपेंडिक्स औषधाच्या पाण्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून समोरच्या लॅबमध्ये तपासायला देण्यासाठी तुमच्या हातात दिले.
६. लॅबला रविवारची सुट्टी होती.
७. डबी मुरुडला आहे.

पहिल्या सहा गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुम्ही मुरुडहून तासाभरात पोचलात, आई नांदेडहून येईपर्यंत दवाखान्यात एकटे बसलात, सगळीकडे सह्या केल्यात. याची मला जाणीव आहे. (भूल उतरताना मी तुम्हाला तुमच्या अंगठ्याची रुंदी विचारली, असे आई सांगते. विचारली असेन.) टाक्यांची प्रगती चांगली आहे. तिसरा टाका ओळ सोडून दोन मिलिमीटर डावीकडे गेला आहे. मी तसे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "पट्टी लावून मोजलंत?" मी हो म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांचे तराजू आणि थर्मामीटर तपासण्याची नोकरी केली की घरी आल्यावर हात थांबत नाही. खोकला, शिंक आणि हसू यांत सर्वांत सोपी शिंक, असे माझ्या लक्षात आले आहे. ती येण्याआधी साधारण तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात उशी पोटाशी धरता येते. हसू मात्र न सांगता येते. सोमवारी तुम्ही फोनवर सांगितलेत, की डबीत काय हाय म्हणून कंडक्टरने विचारले आणि तुम्ही "भाचीचं सामान हाय, उतरायचंय तिला बी मुरुडलाच" असे उत्तर दिलेत. त्यानंतर मी वीस मिनिटे आडवी होते. म्हणून तुमचा फोन उचलत नाही आणि म्हणून हे पत्र. तुमची शिवांगी उद्या इथल्या कॉलेजातून मुरुडला घरी येईल, तिच्या हाती देते.

भेटायला येणाऱ्यांचेही मला कुतूहल वाटू लागले आहे. आतापर्यंत चौदा जण आले. त्यांपैकी नऊ जणांच्या मते अपेंडिक्स पेरूच्या बियांनी होते. (नवांपैकी दोघींनी येताना पेरूच आणले होते.) वांगे खाल्ले की टाक्यात पू धरतो, यावर सगळ्यांचे एकमत आहे. म्हणून काल आई आंघोळीला गेलेली असताना मी शेजारच्यांकडून आलेले भरले वांगे अर्धे खाल्ले आणि दर चार तासांनी ताप मोजला. ताप नाही, पू नाही. आईला हे कळवू नये.

आता सातवा मुद्दा. ते अपेंडिक्स तुम्ही पाहिले, मामींनी पाहिले, शिवांगीने पाहिले. आईने डोळे मिटून घेतले, पण समोर होती. तुमच्या मते ते वीतभर होते, मामींच्या मते करंगळीएवढे आणि शिवांगीच्या मते "वाळलेल्या गवारीसारखं". सव्वीस वर्षे ज्याच्या पोटात होते, ते माणूस सोडून सर्वांनी पाहिले. माझी तेवढीच हरकत असती तर मी गप्प बसले असते.

पण शिवांगी सांगते, की डबी गोठ्यातल्या कोनाड्यात आहे आणि मामी ती हलवू देत नाहीत. "लेकराच्या अंगातलं हाय ते. परक्यानं सुरीनं कापून बघावं व्हय? तिची नाळ आपल्याच आंब्याखाली पुरलीया, तिच्याच शेजारी ठिवू. तेवढी अमावस उलटू द्या," असे त्या म्हणाल्या, आणि तुम्ही मान हलवलीत. मामींचे म्हणणे मला हास्यास्पद वाटत नाही. नाळ जिथे आहे तिथे बाकीचे भाग जावेत, ही मांडणी नीट आहे. फक्त अमावास्या सोमवारी आहे आणि तुम्ही मंगळवारी खड्डा घेणार. माझे टाकेही मंगळवारीच निघायचे आहेत, आणि डॉक्टरांना त्या दिवशी रिपोर्ट हवा आहे. लॅबला तीन दिवस लागतात.

मामींना सा. नमस्कार. शिवांगीला अभ्यास करायला सांगावे.

तुमची भाची,
मृण्मयी

ता. क. १ : डबी उघडू नये. वास येतो म्हणून आतले पाणी बदलू नये. त्यात चिमूटभर हळद टाकावी, असा मामींचा विचार असल्याचे कळते. टाकू नये.

ता. क. २ : लॅबमध्ये चौकशी केली. तपासून झाल्यावर उरलेला भाग लेखी अर्ज केल्यास परत मिळतो. अर्ज सोबत जोडला आहे, मामींचे नाव घातले आहे. तो भाग आंब्याखाली पुरायला माझी हरकत नाही. मी स्वतः येईन. त्याआधी एकदा पाहीन.

ता. क. ३ : हे फक्त तुम्ही वाचावे. अपेंडिक्सचे टोक हाताला थोडे कडक लागले, असे डॉक्टर मला एकटीला म्हणाले. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही, असेही म्हणाले. बहुतेक म्हणजे शंभरात किती, हे मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला नाही. आईला मी यातले काही सांगितलेले नाही. मामींना सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलेत तर डबी निघेल, पण त्या रडतील, आणि मग आईला कळेल.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने डबी लातूरला आणावी. लॅब नऊला उघडते. 'दिली' किंवा 'दिली नाही', एवढेच शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवावे. या एका दिवसापुरता फोन उचलेन, उशी जवळ असेल.