एकाच पेटीतले दोन फोन

दादा,

नमस्कार लिहीत नाही. तुझ्यापुढे वाकायची सवय मोडलीय.

तुझ्या कारखान्यातला खेळण्यातला फोन आमच्या प्रयोगशाळेत मीच तपासून पास केला. नमुना कारखानदार स्वतः निवडून पाठवतो, हे ठाऊक असूनही तुझा संशय आला नाही.

मग तू दोन फोन आणलेस. एक तुझ्या लेकीला, एक माझ्या. "दोन्ही एकाच पेटीतले बरं का!" म्हणालास. एरवी घरात आलेली प्रत्येक वस्तू मी आधी यंत्राखाली धरते. ही भावाची म्हणून धरली नाही. दोन महिन्यांनी धरली. माझ्या लेकीने चघळून मऊ केलेल्या वायरीत शिसं निघालं, मर्यादेच्या चाळीसपट.

खरं सांगते, त्या क्षणी जीव तुझ्या लेकीसाठीही तुटला. सेल बदलून देते असं सांगून वहिनीकडून तिचा फोन आणला आणि तपासला. त्यात शिशाचा कणही नव्हता.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. कुठला कुणाला द्यायचा, तेसुद्धा.

रविवारी नवे सेल घालून फोन परत दिला. वहिनी म्हणाली, "किती गं करतेस आमच्यासाठी!" तुझी लेक लगेच वायर तोंडात घालून बसली. दाढा येतायत ना तिला.

तो फोन माझ्या लेकीचा होता. ओळखणार कोण? दोन्ही एकाच पेटीतले.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तू तो तिच्याकडून काढून घेशील.

तुझीच,
धाकटी