बगळीची खांदेमळणी

दादा, तुमची बगळी बनवणारी कंपनीच बंद पडली. गिअरची चाकं पाठवा म्हणून मी हैदराबादच्या दुकानदाराला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं: विलायतेतल्या कारखान्याला टाळं लागलं, इथून पुढं या मोटारीचा खिळासुद्धा मिळणार नाही, दुसऱ्या कंपनीची घ्या. दुसरी घ्या! वहाण तुटल्यासारखं लिहिलंय मेल्यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला जाऊन, बगळी माझ्या हाती येऊन अकरा वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

मालकांची बैलांची धमणी हाकता हाकता तुम्ही त्यांचे ड्रायव्हर झालात. मोटारीच्या नाकावर पितळी बगळा, म्हणून तालुक्यात तिचं नाव बगळी. बैल सुटले, पण तुमची बैलांची रीत सुटली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवसाची ती खांदेमळणी मला अजून दिसते. बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून झालेत आणि उरलेली वाटी घेऊन मी बगळीकडे वळतो. वीस वर्षांचा घोडा मी! जू घासून बैलाचा खांदा सोलतो, तसा मागच्या चाकावर ब्रेकचा पट्टा घासतो, हे रोज बघत होतो. मग लोणी त्यालाच नको का? चांगलं चोळून लावलं. दुसऱ्या दिवशी मालकांना आणि मला घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरताना तुम्ही ब्रेक दाबलात आणि गाडी थांबेचना. तुम्ही ती डोंगराच्या अंगाला घातलीत, म्हणून तिघं वाचलो. बगळ्याची मान तेवढी वाकली. तुम्ही पट्ट्यावर बोट फिरवून हुंगलंत. कुणाचं काम, म्हणून मालक गरजले, तर पोराला पाठीशी घालून म्हणालात, "माजंच, सरकार. चुकलं." घरी आल्यावर मात्र माझ्या कानाखाली जाळ काढलात. "बिरेकाला लोणी लावतो व्हय बे? मालकाला मारतूस का काय?" पुढच्या वर्षी माझं बोट धरून बॉनेटवर टेकवलंत. "हितं लाव. ही लाडाची जागा हाय."

आणि छाती ठोकून सांगायचात, "ही कंपनी बुडायची न्हाई." बुडाली की! बैल म्हातारा झाला म्हणून त्याची वैरण कुणी तोडतं का? ते कुलूप लावून मोकळे झाले. मालकही त्यातलेच. पान चघळत म्हणाले, "परवा कबाडी येतोय, बगळी त्याला दे." मी म्हणालो, "मग मलाबी त्याच्याच गाड्यात घाला, सरकार." ते हसले. त्या हसण्याचा राग अजून पोटात आहे. तुमचाही राग येतो, दादा. बुडायची नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

आज खांदेमळणी. वाटी घेऊन बगळीजवळ गेलो, बॉनेटवर लोणी-हळद लावली आणि बैलांना म्हणतो तसं म्हणालो, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये." शेजारी मालकांची नवी मोटार उभी होती. तिला शिवणार नाही, अशी मी तुमची शपथ घेतली होती. काल मालकांच्या हुकमानं ती मांजरसुंब्याला नेली. सारा घाट एका दमात चढली, आणि वर पोचलो तेव्हा मी हसत होतो.

हे पत्र बगळीच्या गादीखाली ठेवणार होतो. पण तिला कळायला नको. वाटीत थोडं लोणी उरलं होतं, ते मी नवीला लावलं.