अंगठ्याची रेस

बाबा,

गेल्या महिन्यात मी गुलमर्गला बर्फावर स्कूटर चालवली. चाकांऐवजी खाली पट्टा आणि पुढे दोन पट्ट्या असलेली, जाडजूड, धूर सोडणारी स्कूटर. ऑफिसातल्या बायकांबरोबर गेले होते. त्यांनी फोटो काढण्यापुरतं बसायचं ठरवलं होतं, मी मात्र चालवणार म्हणून हटून बसले. बसल्या बसल्या रेस द्यायला उजवी मूठ पिळायला गेले, तर ती जागची हलेना. शेजारी उभा असलेला म्हातारा गाईड हसला. "ये घूमता नहीं, दीदी. अंगूठे से दबाइए." मुठीच्या आतल्या बाजूला एक छोटीशी पट्टी होती. अंगठ्याने दाबली की गाडी पुढे, सोडली की बंद. मी विचारलं, आमच्या स्कूटरसारखी मूठ का नाही ठेवत? तो म्हणाला, झटका बसला की माणूस मागे पडतो आणि पडताना हँडलला लटकतो. मूठ फिरणारी असेल तर लटकल्यावर आणखी फिरते, गाडी आणखी सुसाट. इथे अंगठा आपोआप सुटतो. "गलती आदमी की नहीं होती दीदी, हाथ की आदत होती है." बाबा, बायका खालून हाका मारत होत्या आणि मला ती गाडी सुरूच करवेना.

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागचा तो रस्ता. रविवार, कापसाचे ट्रक नाहीत, रस्ता रिकामा. मी सतरा वर्षांची. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही गॅरेजात कामाला लागला होतात आणि कोणीतरी टाकून दिलेली स्कूटर सहा महिने खपून उभी केली होतीत. चाळीतल्या मुलींपैकी कोणालाच गाडी येत नव्हती. तुम्ही म्हणालात, माझी शिकणार. तुम्ही मागच्या स्टेपनीवर हात ठेवून बरोबर धावताय, मला तुमचा श्वास ऐकू येतोय. मी क्लच एकदम सोडते. गाडी उसळते, मी मागे फेकली जाते आणि उजव्या हाताने मूठ घट्ट धरून ठेवते. गाडी आणखी जोरात. "सोड गो, सोड!" तुम्ही ओरडताय आणि मी आणखीच घट्ट धरतेय. समोर गोदामाची भिंत. तुम्ही बाजूने येऊन हँडल ओढलंत, आपण दोघंही आडवे झालो. माझं कोपर खरचटलं. तुमचं मनगट हँडलखाली आलं.

घरी आईला तुम्ही सांगितलंत, ऑइलवरून पाय घसरला. मला डोळ्याने गप्प केलंत. प्लास्टर निघालं तरी मनगट पुन्हा नीट वळलं नाही. दर रविवारी आईला मागे बसवून शीव कोळीवाड्याला मासळीला जायचात, ते थांबलं. एका सकाळी मी गॅलरीतून बघत होते. तुम्ही खाली स्कूटरवर बसलात, किक मारलीत, मूठ पिळलीत. अर्ध्यावर हात अडकला. पुन्हा पिळलीत. मग इंजिन बंद करून तुम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलात, मुलांची शाळेची बस यायची असते तेव्हा आईबाप वाट बघत बसतात तसे. पुढच्या आठवड्यात अँटॉप हिलचा एक माणूस ती घेऊन गेला. त्याला चावी देण्याआधी तुम्ही सीट पुसलीत.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. माझं गाडी शिकणं अर्धवट राहिलं म्हणून काकांनी, तुमची आतेबहीण जेवायला आली असताना, तिच्यासमोर माझी थट्टा केली, मुलींच्या हातात गाडी म्हणजे काय विचारता! आणि मी रडत म्हणाले, आता मी गाडीला हात लावणार नाही. तुम्ही ताटावरून उठलात. "माझो हात मोडलो, तुझो नाय. मगे तू कित्याक घाबरतस?" काकांना काही कळलं नाही. मला कळलं, तरी मी पुढे एकोणतीस वर्षं गाडी चालवली नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, माझा हात मूर्ख आहे, सोड म्हटलं तर धरून ठेवतो.

तुम्ही मेकॅनिक होतात. झटका बसला की मूठ कशी फिरते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मग मला का सांगितलं नाहीत? की सांगितलं होतंत, आणि मी ऐकायला तयार नव्हते? तुम्ही समोर असतात तर हे एवढंच विचारलं असतं, आणि तुमच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला असता.

बर्फावर मी शेवटी पट्टी दाबली. गाडी हळूच निघाली. एका उंचवट्यावर दणका बसला, मी मागे गेले, अंगठा सुटला आणि गाडी आपली आपण थांबली. मी मोठ्याने हसले. गाईडला वाटलं घाबरले.

परवा लालबागला एका गॅरेजवर थांबले. तिथल्या मेकॅनिकला विचारलं, साध्या स्कूटरला मुठीऐवजी अंगठ्याने दाबायची रेस बसते का?

"बसते की," तो म्हणाला. "हात अधू असलेल्यांना आम्ही बसवून देतो. कोणाला पाहिजे?"

"वडिलांना. मनगट वळत नाही. अंगठा चांगला आहे."

"मग काय टेन्शन नाय. त्यांना घेऊन या ताई, अंगठ्यात जोर किती ते बघून स्प्रिंग लावू."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे त्याला सांगणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी त्याला म्हणाले, येत्या रविवारी आणते.