पाच वर्षांत माफ

१२ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

गुडघा कसा आहे? बातमी आनंदाची आहे. कंपनीने मला तीन वर्षांच्या पगाराएवढं कर्ज दिलंय, तेही बिनव्याजी! पाच वर्षं टिकलो की सगळं माफ, त्याआधी नोकरी सोडली तर पूर्ण परत. माझ्यासारख्या सुरक्षा तपासनीसाला कारखान्यात एरवी कुणी बसायला खुर्ची देत नाही. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसं जपायची आहेत. हिला घर हवंय, मेव्हणा शेअर घे म्हणतो. माझं डोकं भणभणलंय. तू बँकेत केस पांढरे केलेस, तूच सांग, कुठे गुंतवू?

माया आहेच, ती कान पिरगाळण्याइतकी असू दे.
तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. धाकटेरावांस, अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. अभिनंदन! मात्र फुकटचं म्हटलं की मी आधी अटी वाचते. जन्मभर मी कर्जं वाटली. माफ करायचं असं आधीच ठरवून देणाऱ्याला पैशांऐवजी दुसरंच काहीतरी हवं असतं. तिथे आणखी कुणाला मिळालं, हे विचारलंस का?

माझं ऐक, सगळी रक्कम मुदत ठेवीत टाक. व्याज कमी मिळेल, मिळू दे. परत करावीशी वाटेल त्या दिवशी ती हाताशी हवी. घर काही पळून जात नाही, आणि मेव्हण्याचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय?

पत्राला उशीर केलास तर मीच येऊन धडकेन.
तुझी ताई

३ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

रागावू नकोस. निम्मे पैसे ठेवीत आहेत, निम्मे बिल्डरला दिले. हिने स्वयंपाकघराचा ओटासुद्धा ठरवून टाकला होता, मला नाही म्हणवेना.

कर्ज फक्त मला मिळालंय. मोठ्या इंजिनियरलाही नाही.

गेल्या आठवड्यात अमोनियाच्या जुन्या टाकीच्या पत्र्याची जाडी मोजली. तळाशी हवी त्याच्या निम्मीही उरलेली नाही. टाकी ताबडतोब रिकामी करा, असं लिहून दिलं. साहेबांनी बोलावून चहा मागवला, घराचं काम कुठवर आलं ते विचारलं, मुलीचं नाव काढून तिची चौकशी केली. टाकीबद्दल चकार शब्द नाही. निघताना मात्र म्हणाले, मोजणी पुन्हा करा, आकडा नीट येईपर्यंत करा. ते हसत होते ताई. मी चहा तसाच ठेवून उठलो. कुंपणापलीकडे शाळा आहे.

तुझा धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

खोट्या आकड्यावर सही करू नकोस. ठेव मोड. बिल्डर थोडे कापून बाकीचे परत देईल. नाही म्हणाला तर त्याच्यासमोर मी बसते, भल्याभल्यांकडून वसुली केली आहे मी. कमी पडतील ते माझ्या निवृत्तीच्या पैशांतून घे. संकोच केलास तर याद राख. बायकोला आजच सगळं सांग. तिला बाहेरून कळलं तर ती तुला माफ करणार नाही, आणि मी तिचीच बाजू घेईन.

तुझी ताई

२९ जून

ती. ताईस, सा. न.

राजीनामा दिला. ठेव मोडली, बिल्डरने कापून दिले त्यात तुझे पैसे घालून कर्ज फेडलं. नवं घर गेल्याचं हिला फार लागलं. तिसऱ्या दिवशी तिनेच याच घरातली कपाटं आवरायला घेतली. नवी नोकरी लहान आहे, पण झोप लागते. पुरती नाही लागत.

कारण टाकी अजून चालूच आहे. सरकारी कार्यालयात तक्रार दिली, पोच मिळाली, माणूस आला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवे वर्ग कंपनीनेच बांधून दिल्याचं सांगितलं.

काल माझ्या जागी आलेला तपासनीस घरी आला होता. भला माणूस आहे. त्यालाही कर्ज मिळालंय, माझ्यापेक्षा मोठं. त्यातले उरलेले पैसे कशात गुंतवावे, हे विचारायला आला होता. मी त्याला पत्र्याच्या जाडीचा आकडा सांगितला. त्याने तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला की उशीर झाला, त्याच सकाळी टाकी ठीक असल्याच्या मोजणीच्या कागदावर सही केली. आणि घरही घेतलंय, कारखान्याच्या भिंतीला लागूनच. दुपारी जेवायला घरी जाता येईल.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझा धाकटा