चौथी फुली

मंगळवार, दुपारी दीड

तीर्थरूप दादास,

'तीर्थरूप' लिहिताना पेन जरा अडलं. पण सवय आहे, राहू दे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? मी ठीक. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय, म्हणजे तू ठेवलेलं 'ढापणी' हे नाव मी अजून सार्थ करते आहे. न्हाणीघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. आईच्या खोलीत आता मी इस्त्रीचं टेबल लावलंय. खिडकी तीच, पडदा बदलला.

जेवणाच्या सुट्टीत कचेरीतूनच लिहिते आहे. सगळ्या राज्यात एकाच दिवशी नगराध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे सदस्य निवडायचे, त्यामुळे इथे चहाचा कप ठेवायलाही जागा नाही. पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, "एवढे लोक सेवा करायला निघालेत, मग माझा बदलीचा अर्ज सात वर्षं कोण दाबून बसलंय गं?" उद्या तीन वाजता अर्जांची मुदत संपते. परवा छाननी.

काल तू अर्ज भरायला आलास, तेव्हा आपण चार वर्षं आणि आठ महिन्यांनी समोरासमोर होतो. तुझ्यामागे पंधरावीस माणसं, दोन कॅमेरे. तू मोठ्याने म्हणालास, "ही माझी धाकटी बहीण बरं का! शाळेपासून माझे सगळे फॉर्म हिनेच भरले. मी फक्त सह्या करणार!" सगळे हसले. मीही हसले असेन.

खरंच होतं ते. तुझा धीर पहिल्या दोन ओळींतच सुटायचा. मी भरायची आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारायची. तू फुली शोधायचास, सही ठोकायचास आणि मैदानावर पळायचास. परीक्षेचे फॉर्म, नोकरीचे, लग्नाच्या नोंदणीचे. एकदा मी गंमत म्हणून वहीच्या कोऱ्या पानावर फुली मारली, तर तू तिथेही सही केलीस. किती हसलो होतो आपण. आईने दोघांनाही बदडलं होतं.

आमच्या टेबलावरही तीच रीत आहे. उमेदवाराने समोर बसून सह्या करायच्या. सहा पानं, चार सह्या. आम्ही आधी बारीक फुल्या मारून ठेवतो, सही झाली की खोडरबराने पुसतो. कोणी एखादी विसरला तर जिन्यावरून हाक मारून परत बोलावतो. नियमात असं काही नाही, पण सगळ्यांसाठी करतो. तुझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या निवृत्त नर्सबाईंना मी गेल्या आठवड्यात फाटकापर्यंत धावत जाऊन परत आणलं. त्या तारीख घालायला विसरल्या होत्या.

तुझ्या अर्जावर माझ्या तीन फुल्या मारून झाल्या होत्या. शेवटचं पान उलटलं आणि वर पाहिलं. तुझ्या छातीवर नवा बिल्ला होता. त्यावर स्टेजवरचा आईचा फोटो, हात वर केलेला. खाली लिहिलंय, 'आईचा आशीर्वाद'.

दादा, मागच्या निवडणुकीतल्या त्या सभेच्या दिवशी मी तिथे होते.

तू सकाळी म्हणालास, "अर्ध्या तासात आणून सोडतो." आई तेव्हा मला कधी ताई म्हणायची, कधी बाई. तुला मात्र ओळखायची, म्हणून पाठवली. दोन तास झाले तेव्हा मी शोधत आले. आई स्टेजवर, उन्हात, पुढच्या रांगेत, अंगात लोकरीचा स्वेटर. तो मीच घातला होता, सकाळी गारठा होता म्हणून. निवडणूक कचेरीतल्या माणसाने उमेदवाराच्या स्टेजवर पाय ठेवायचा नाही, हा नियम. मी दोरीच्या अलीकडे उभी राहिले. नियम पाळला.

तिने तीन वेळा हात वर केला. ती पाणी मागत होती. मला दोरीपलीकडून तिचे ओठ दिसत होते, तू तर दोन हातांवर होतास. दुसऱ्या वेळी तू वळून पाहिलंस. मग माइक तोंडाजवळ घेतलास आणि म्हणालास, "बघा, माझी आई तुम्हाला आशीर्वाद देते आहे!" टाळ्या पडल्या. तिसऱ्या वेळी तिचं लुगडं ओलं झालं होतं, आणि तुझ्या माणसाने तिच्या पायांवर तुझा झेंडा पांघरला.

अकराव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तू गुलालाच्या कपाळाने आलास आणि मला जवळ घेतलंस. माझ्या खांद्यावर उमटलेला तो रंग दोन धुण्यांत गेला. दोरी मात्र अजून रोज दिसते. तिच्याखालून वाकून जायला मला किती वेळ लागला असता?

तर, शेवटचं पान. शपथेखालची सही. ती नसेल तर अर्ज बाद, त्यावर अपील नाही. तिथे मी फुली मारली नाही.

तू तीन फुल्या शोधल्यास, तीन सह्या ठोकल्यास, कॅमेऱ्याकडे पाहिलंस. "झालं ना गं सगळं?" मी पोचपावती फाडून दिली. "तू बघितलंस म्हणजे झालंच," असं तूच म्हणालास आणि उठलास. जिना उतरताना तुझे बूट ऐकू येत होते. एकवीस पायऱ्या आहेत. मी हाक मारली नाही.

पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

रात्रभर झोप लागेल की नाही अशी धास्ती होती. लागली. चांगली लागली, आणि त्याचीच मला भीती वाटते आहे.

फोन माझ्या कोपराशी आहे. तुझा नंबर पाठ आहे. उद्या तीनपर्यंत तू येऊन सही करू शकतोस, एका मिनिटाचं काम. पण फोन करा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, आणि नियम पाळायची मला चांगलीच सवय आहे. हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे. शुक्रवारी मिळेल. तोवर छाननी झालेली असेल आणि ते बिल्ले तुझ्या बैठकीत खोक्यांत पडून असतील.

एक शेवटचा फॉर्म भरून पाठवते आहे. एकाच ओळीचा आहे, या वेळी वाचून सही कर.

'आईने पाणी मागितलं, ते मला कळलं होतं.'

खाली फुली मारली आहे. पुसणार नाही.

×

दोरीच्या अलीकडे उभी राहिलेली,
तुझी ढापणी