नागिणीचं माप

प्रिय ठमे,

पाकीट फाडायच्या आधी चार ओळी तरी वाच. आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून नाइलाजाने पेन हातात घेतलंय. लसीचं सांगायला तू दुकानात आलीस आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर तुला औषध कंपनीची दलाल म्हणालो. तीस वर्षं वॉर्डात परक्यांची सेवा केलेल्या माझ्या सख्ख्या बहिणीला! तुझा राग अगदी रास्त आहे. तर बातमी अशी, की तुझ्या दादाला नागीण झाली होती. हसू नकोस. बरं, हस थोडं.

आधी कमरेच्या डाव्या बाजूला नुसती आग आग व्हायची. मला वाटलं, मशीनवर वाकून उसण भरली असेल. मग फोड उठले आणि त्यांचा पट्टा पोटाकडे सरकायला लागला. आता आपण लहानपणापासून काय ऐकलंय? नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला. मग मी शिंप्याने करावं तेच केलं, रोज सकाळी टेप लावून तिचं माप घ्यायला लागलो. सोमवारी सव्वासात इंच, मंगळवारी साडेआठ. माझी कंबर बेचाळीस. वहीत गणित मांडलं आणि तुझ्या वहिनीला सांगितलं, माझ्याकडे सत्तावीस दिवस आहेत, ज्यांचे कपडे शिवायचे राहिलेत त्यांना निरोप धाड. तिने टेप हिसकावला आणि मला कान धरून डॉक्टरांकडे नेलं.

वही बघून डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, अहो, ही बहुतेक वेळा एकाच बाजूला राहते, विळखा वगैरे काही घालत नाही. तुझ्या-माझ्या त्या कांजिण्या आठवतात? त्यांचाच विषाणू नसांमध्ये दडून बसतो म्हणे, आणि वय झालं की डोकं वर काढतो. तू हेच सांगत होतीस, मीच ऐकून घेतलं नाही. पुढचे तीन आठवडे सदरा अंगाला लागला तरी जीव जायचा. शिंप्याला सदरा सहन होईना, बोल!

आता ठणठणीत आहे. पण ती पुन्हा उलटू शकते, म्हणून डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितलीय. ठमे, आता खरं सांगतो. मोबाईलवर लसीविरुद्ध आलेलं जे मी तुला वाचून दाखवायचो, ती सगळी थाप होती. मला इंजेक्शनची भीती वाटते. चौसष्टाव्या वर्षी हे गिऱ्हाइकांसमोर कसं कबूल करणार? त्यापेक्षा तुला बोलणं सोपं वाटलं. चुकलो गं, माफ कर. शाळेत लस टोचायला आले तेव्हा सहावीतला मी बाकाखाली लपलो होतो. पहिलीतली तू मला शोधून काढलंस, रांगेत माझ्याजवळ उभी राहिलीस आणि घरी कुणाला सांगितलं नाहीस. गुरुवारी अकरा वाजता तुझ्याच हॉस्पिटलात नंबर लावलाय. टोचायला कुणीही चालेल. हात धरायला मात्र तूच ये.

तुझाच,
भित्रा दादा