पिठाच्या डब्यातलं पत्र

सेंगकांग, सिंगापूर
१८ एप्रिल २०२५

चि. पद्माकर,
आशीर्वाद. मोजून घे, मागून कमी पडले म्हणू नकोस.

नाही, माझ्या लेकाला, देवाला, मी अजून काही सांगितलेलं नाही. आणि तूही परस्पर कळवायचं नाहीस, तुला माझी शपथ आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं. गोविंदभावोजी अंथरुणाला खिळलेत, दाराची कडी वाजली की देवा आला का विचारतात, सगळं कळलं. दीर आहेत माझे, मी काही दगड नाही.

पण तूच सांग. चौदा वर्षांपूर्वी देवाच्या लग्नाची अक्षत घेऊन मी त्यांच्या दारात गेले आणि त्यांनी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, हे ओढ्याच्या दोन्ही काठांना माहीत आहे. वडील गेल्यावर ज्या काकानं खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यानंच लग्नाकडे पाठ फिरवली, म्हणून त्या दिवसापासून देवा त्यांचं नाव घेत नाही. आता अचानक काका बोलावतो म्हणून सांगितलं तर तो असेल तसा निघेल. मनानं लोणी आहे तो, तुझ्यावर गेलाय. अक्कल सोडून.

आणि मे महिन्यात आम्ही व्हिएतनामला निघालोय. बुद्धपौर्णिमेची सोमवारची सुट्टी धरून चार दिवस. शहराचं नाव हुए. ऋताला म्हटलं, मला इथेच ठेवून जा, तर ती म्हणते, आजी, कॅनॉट लाह, म्हणजे जमायचं नाही. दहा वर्षांची पोर, पण हुकूम कलेक्टरचा. सूनबाईनं, अनुयानं, मला उन्हाची टोपी आणलीय. ती घातली की मी शेतातल्या बुजगावण्यासारखी दिसते. फोटो पाठवीन, कावळे हाकलायला लाव.

तिकडून आले की सांगते देवाला. चार दिवसांनी काय होतंय? तुझं पत्र ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाशी ठेवलंय. भाकरी मीच थापते, दुसरं कुणी त्या डब्याला हात लावत नाही.

जीव लावलायस तसा लावत राहा.
तुझी ताई, सविता

---

माळवाडी
३० एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा बसूनच घातलेला समज.

शपथ घातलीस, म्हणून गप्प आहे. नाहीतर अश्लेषा रोज म्हणते, मामंजी, तुम्हाला ऐकू येत नाही तर मी लावते सिंगापूरला फोन. सून तुझ्यासारखीच मिळालीय, ऐकत कुणाचं नाही.

ताई, तुझी चेष्टा वाचून हसलो, पण आता ऐक. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे, फार तर तीन. भावोजींचं अन्न सुटलंय. मी रोज संध्याकाळी ओढा ओलांडून जातो. परवा त्यांनी मला ट्रंक उघडायला लावली. आत एक जांभळा फेटा निघाला, दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणाले, देवाच्या लग्नासाठी घेतला होता. मग म्हणाले, आठ दिवस वाट पाहिली, अक्षतच आली नाही.

मी म्हटलं, असं कसं, ताई तर आली होती, तुम्हीच परत पाठवलंत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तापात माणूस काहीही बोलतो, पण त्या दिवशी अंगात ताप नव्हता.

देवाला सांग. सहलीनंतर नको, आजच. तो नुसता दारात उभा राहिला तरी पुरे आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा पद्माकर

---

सेंगकांग
१४ मे २०२५

चि. पद्माकर,
आशीर्वाद, आणि व्हिएतनामची थोडी धूळ.

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. बॅगा भरून झाल्या होत्या. तेही पिठाच्या डब्यात गेलं. आता रागावू नकोस, आधी ऐक.

हुएचा उन्हाळा नुकताच लागलाय म्हणतात. लागलाय कसला, आल्या आल्या डोक्यावर बसलाय. आपल्याकडचं ऊन परवडलं, ते निदान सावलीत पाठलाग करत नाही. बाया एवढ्या उकाड्यात हातमोजे घालून, तोंड बांधून स्कूटर हाकतात. कॉफीत मीठ घालतात! मी एक घोट घेतला आणि मला तुझ्या बायकोचा पहिला चहा आठवला, देव तिच्या आत्म्याला शांती देवो. जुन्या राजांचा किल्ला पाहिला. आत ओसाड जोती, नुसतं तापलेलं गवत. ऋता म्हणाली, इथले सगळे कुठे गेले?

सोमवारी पौर्णिमा. नदीत घराएवढी गुलाबी कमळं तरंगत ठेवली होती. आपली एकादशी तशी त्यांची पौर्णिमा, त्या दिवशी मासमच्छी वर्ज्य, त्यामुळे मला पहिल्यांदा पोटभर जेवायला मिळालं. दिवस कलताना आम्ही पायीच हॉटेलकडे निघालो. घराघरापुढे फुटपाथवर छोटी टेबलं मांडलेली, त्यावर भात, फळं, उदबत्त्या. एका घरापुढे एक पाठमोरा म्हातारा खुर्चीत बसला होता. मान तशीच डावीकडे कललेली. देवा चालता चालता थबकला. चौदा वर्षांनी त्याच्या तोंडून काका हा शब्द आला. म्हणाला, आई, हा अगदी गोविंदकाकासारखा बसलाय ना गं? मी म्हटलं, उन्हानं तुझे डोळे फिरलेत.

तेवढ्यात आतून एक बाई आली आणि वाटीतले तांदूळ नि मीठ मूठ मूठ रस्त्यावर उधळायला लागली. तांदूळ देवाच्या पायांवर पडले. सोबतच्या वाटाड्यानं सांगितलं, ज्या मेलेल्यांना घरचं कुणी बोलावत नाही, त्यांच्यासाठी हे टाकतात. देवा खाली वाकून पायावरचे दाणे बघत बसला. माझी पिशवी हातातून सुटली.

आणि पिशवीत फोन वाजत होता. अश्लेषाचा. एकामागून एक सहा वेळा. देवानं विचारलं, कुणाचा, तर मी सांगितलं, कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा. फोन उलटा करून टाकला. परत आल्यावरही मी तिला फोन केलेला नाही. तुला जे कळवायचं असेल ते पत्रानं कळव. पत्र यायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे तरी मिळतील.

पद्मा, ते तापात बोलले असतील ना रे?

लोभ कमी करू नकोस, इतक्यात तरी.
ताई

---

माळवाडी
२२ मे २०२५

ती. ताईस नमस्कार.

तुला कळलंच असणार. बारा तारखेला, सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास भावोजी गेले. कडी वाजली म्हणाले. कुणी वाजवली नव्हती. अश्लेषानं सहा फोन केले, तू उचलले नाहीस. तुझी शपथ म्हणून देवाला लावला नाही. आता वाटतं, शपथ मोडून नरकात गेलो असतो तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत थांबलो. मूलबाळ नाही, पुतण्या नाही. अग्नी मी दिला. मी त्यांचा कोण? वहिनीचा भाऊ.

काल दहावा झाला. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर बसून होते, एकही खाली उतरला नाही. सगळं बोलून पाहिलं. घराचं सांगितलं, गाईचं सांगितलं. देवा येईल म्हटलं, तेव्हा एक कावळा पिंडाजवळ आला आणि तसाच उडून गेला. दुपारी एक वाजता भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवून उरकलं.

फेटा माझ्याकडे आहे. आता एकच विचारतो, ताई. अक्षत दिली होतीस ना?

पद्माकर

---

सेंगकांग
३ जून २०२५

चि. पद्माकर,
आशीर्वाद देते. घ्यायचे की नाही, ते तू ठरव.

हे पत्र देवा स्वतः तुझ्या हातात देईल. परवाच्या विमानानं निघतोय. भावोजींचं महिन्याचं श्राद्ध त्यानं करायचं ठरवलंय. तुझं पत्र हाती पडलं त्याच दिवशी मी डबा उपडा केला आणि पिठानं माखलेली तुझी पत्रं त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती वाचली. कपडे झटकून खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली इथली बिनड्रायव्हरची छोटी रेल्वेगाडी येत होती, जात होती. रात्रीपर्यंत तो तसाच होता. अनुया म्हणते, ओरडले असते तरी चाललं असतं. मलाही तसंच वाटतं.

तू विचारलंस तेच त्यानंही विचारलं, काल सकाळी, चहाच्या वेळी. मी म्हटलं, पत्रात लिहिते, वाटेत वाच. म्हणून हे पाकीट चिकटवलेलं नाही. तोंडानं सांगायची हिंमत नाही रे. जन्मभर जीभ चालवली, आणि आता तीच आत वळते.

तुला आठवतं, लग्नाच्या आदल्या आठवड्यात सासरच्या आत्याबाई काय म्हणाल्या होत्या? विधवेनं देवकाला बसायचं नाही. गोविंद आणि त्याची बायको जोडीनं पाटावर बसतील, सवितानं आत स्वयंपाकाकडे बघावं. जाऊबाई तेव्हा होत्या. एकटीनं वाढवलेल्या पोराच्या लग्नात मी पुऱ्या तळायच्या? दीर आला नाही, तर घराण्यातलं दुसरं जोडपं उरत नव्हतं. मग पुण्याच्या भटजींनी शेजारी नवऱ्याच्या जागी सुपारी मांडली आणि मला पाटावर बसवलं. फोटो बघ, कशी मिरवतेय मी.

देवाला पहिल्या दिवशी भाकरी वाढ, भात नको. फेटा त्याला दे.

माया मागत नाही. उरली असेल तर ती त्याला दे.
तुझी ताई

ता. क. मी अक्षत द्यायला गेलेच नव्हते. ओढ्यापर्यंत आले, तांदूळ पाण्यात सोडले आणि परत फिरले.